डॅम्पर बदल, झालं

धाकटा भाऊ मित्राच्या लग्नासाठी म्हणून माझी जीप आठ दिवस घेऊन गेला. परत आणली तेव्हा तिच्यात चढायला मला दाराची चौकट धरून अंग वर ओढावं लागलं. जीप चार इंच उंच झाली होती. खाली ट्रॅक्टरसारखी खोल नक्षीची जाड चाकं होती, आणि भाऊ बाजूला उभा राहून हसत होता.

"अक्का, कशी दिसायली?"

"कुणाला विचारून केलास?"

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?"

मी जनावरांची डॉक्टर आहे, कमलनगरला राहते. पावसाळ्यात इकडच्या काळ्या मातीत साधी गाडी चाकांच्या मध्यापर्यंत रुतते, आणि अडलेली म्हैस रस्ता वाळायची वाट बघत नाही. म्हणून चारही चाकांनी ओढणारी ही जुनी जीप मी माझ्या पगारातून घेतली होती. तिचा ब्रेक कुठे लागतो, क्लच कुठे सुटतो, हे मला डोळे मिटून ठाऊक होतं. त्या दिवशी गल्लीतली माणसं जीपभोवती जमली होती, म्हणून मी राग गिळला. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पुढच्याच महिन्यात आईला डोळे दाखवायला बसवकल्याणला न्यायचं होतं. आई भावाजवळ राहते, मंठाळपासून थोड्या अंतरावर आमचं शेत आहे. मी तिला शेजारच्या सीटवर बसवून निघाले. मंठाळ सोडल्यावर रस्ता उकरून ठेवलेला होता. डावं चाक खड्ड्यात आदळलं आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की दोन्ही हातांत मावेना. पुढची चाकं डावीउजवीकडे फडफडत होती, सगळी जीप हादरत होती. मी पाय उचलला, हळूहळू ब्रेक दाबत गाडी कडेला घेतली. ती थांबली तेव्हा आई डावा हात पोटाशी धरून बसलेली होती. तोल सावरायला तिने तो समोर टेकवला होता.

"काय न्हाई, मुरगळलाय," ती म्हणाली.

मुरगळला नव्हता. बसवकल्याणला डोळ्यांच्या तपासणीऐवजी मनगटाचा एक्सरे निघाला आणि आई कोपरापर्यंत प्लास्टर घालून घरी आली. वाटेत मला म्हणाली, "रस्ताच तसला हाय. त्याला काय बोलू नको बाई." हाड तिचं मोडलं होतं आणि काळजी तिला लेकाची होती. त्याने माझा राग आणखी वाढला.

भावाने प्लास्टरकडे पाहिलं आणि सरळ जीपखाली वाकला. वर आला तो हात पुसत.

"डॅम्पर गेलाय. तेल गळायलंय. डॅम्पर बदल, झालं."

स्टिअरिंगचा डॅम्पर म्हणजे जीपच्या पुढच्या भागात आडवा बसवलेला नळा. त्याचं एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला असतं, दुसरं चाकं वळवणाऱ्या दांड्याला. खड्ड्याचा धक्का हातापर्यंत येऊ नये म्हणून तो आतल्या आत दाबला जातो, उघडतो. मला तेव्हा एवढंच माहीत होतं.

भाऊ मला बीदरला एका दुकानात घेऊन गेला. जीपा सजवायचं सामान विकणारं दुकान. आमची जीप इथेच उंच झाली होती. दुकानदाराने मला खुर्ची दिली, थंड मागवलं आणि माझ्याकडे पाठ करून भावाशी बोलायला लागला. मी विचारलं, "उंच केल्यावर जुन्याच मापाचा चालतो का?"

"मॅडम, हा सगळ्यांना बसतो," तो भावाकडे बघत म्हणाला. "गॅसवाला हाय भैया. लई हेवी."

त्याने लालभडक नळा काउंटरवर ठेवला. मोजला नाही, जीपखाली वाकूनही बघितलं नाही. भावाला रंग आवडला. माझी गाडी आणि माझे पैसे, पण ठरवत होते ते दोघं, आणि मी हातात थंड घेऊन बसले होते. घरी आई एका हाताने केस विंचरत असेल हे डोळ्यांसमोर होतं, म्हणून मी म्हटलं, बसवा.

थरथर थांबली. पण जीप आता सारखी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागे, संध्याकाळी खांदा ठणके. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "नवीन हाय मॅडम, हात बसंल."

चारपाच दिवसांनी एका वस्तीवरून बोलावणं आलं. म्हैस अडली होती, सकाळपासून. गल्लीच्या तोंडाशी मी उजवीकडे वळायला स्टिअरिंग फिरवलं आणि ते अर्ध्यातच अडलं. जोर लावला, पुढे जाईना. समोर भिंतीला लागून बाज होती आणि बाजेवर एक म्हातारा बसला होता. मी ब्रेकवर उभी राहिले. बंपर बाजेपासून हातभर अंतरावर थांबला. म्हातारा उठलाही नाही, त्याला उठायला वेळच मिळाला नव्हता.

"बाई, गाडी वळंना का?" त्याने विचारलं.

मी खाली उतरले, त्याच्या पायाशी वाकून माफी मागितली आणि आत म्हशीजवळ गेले. वासराचा एक पाय मागे दुमडला होता. तो सरळ करताना म्हैस नाही, मी घाबरलेली होते. वासरू जिवंत निघालं. हात धुतल्यावर तशीच त्या ओल्या कपड्यांनी जीपखाली शिरले. लाल नळा पूर्ण दाबला गेला होता, आता त्यात एक बोटभरही जागा उरली नव्हती. चाक आणखी वळायला मागत होतं आणि हा त्याला अडवून धरत होता. ज्याने मला वाचवायचं, तोच मला माणसाच्या अंगावर घालत होता.

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि भावाला म्हणाला, "लेडीजला उंच गाडीचा अंदाज येत न्हाई."

भाऊ हसला. अगदी थोडंसं, पण हसला.

मी दुकानदाराला विचारलं, "अण्णा, हा बंद असताना किती लांब आणि पूर्ण उघडल्यावर किती?"

तो काउंटर पुसायला लागला.

"ते म्हाईत न्हाई, मग तुम्ही विकायलाव काय?"

"मॅडम, असं करा. अजून एक टाका. दोन डॅम्पर असले की हलणारच न्हाई."

मी भावाला घेऊन तिथून निघाले. आणखी थांबले असते तर त्याचाच एखादा लाल नळा त्याच्या काचेत गेला असता.

बसवकल्याणला बसस्टँडच्या मागे एक म्हातारे मिस्त्री आहेत. जन्मभर ट्रॅक्टर आणि जीपा दुरुस्त करत आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जीप त्यांच्याकडे नेल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर डॅम्पर काढून बाजूला ठेवला.

"बाई, डॅम्पर के भरोसे गाडी नक्को चलाओ," ते म्हणाले. "आधी बिना डॅम्परची सीधी चालली पायजे. डॅम्पर बाद में."

मला माझीच लाज वाटली. लंगड्या बैलाला दुखणं थांबायची सुई टोचून दुसऱ्या दिवशी औताला जुंपणाऱ्या माणसाला मी गोठ्यात उभं करून झापते. इथे मी तेच केलं होतं.

चाचांनी भावाला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला सांगितलं आणि माझा हात धरून चाकाच्या दांड्याच्या सांध्यावर ठेवला. हाताखाली खट् खट् लागत होतं. दुसऱ्या सांध्यातही तेच. दोन्ही झिजून सैल झाले होते. शिवाय जीप उंच करताना स्प्रिंगांना घातलेल्या लांब पट्ट्यांनी पुढच्या आसाचा कोन फिरला होता, त्यामुळे चाकं सरळ धरून राहत नव्हती.

"ये चार इंच ने अँगल बिगाड्या," चाचा म्हणाले. "डॅम्पर बिचारा क्या करता?"

भावाने स्टिअरिंग सोडलं.

"मग आधीसारखी करा," मी म्हटलं. "जुन्या पट्ट्या घालून."

"त्या भंगारात दिल्या," भाऊ म्हणाला.

मग माझा राग आवरला नाही. गॅरेजच्या बाकड्यावर, चाचांच्या समोर, मी त्याला विचारलं, "कामून केलास? सांग, कामून केलास?"

तो म्हणाला, "वरल्या गल्लीतल्या पोरांच्या जीपा बघ. आपण बाजूनं गेलो की खिडकीतनं खाली बघत्यात. तुझी गाडी गेली की त्यायनी मान वर करून बघावं, एवढंच."

ती गल्ली मला माहीत आहे. तिथल्या गोठ्यांत मी जाते. माझ्यासाठी ओट्यावर खुर्ची टाकतात, चहा देतात, उंबऱ्याच्या आत कधी बोलावत नाहीत. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, वडिलांनी आम्हाला शिकवलं, मी डिग्री घेऊन त्या ओट्यावर गेले.

"मी शिकून तिथं गेले," मी म्हटलं, "आणि तू मला चार इंच लोखंड दिलास."

"तुला ओट्यावर खुर्ची तरी मिळती," तो म्हणाला. "मला ती बी न्हाई."

त्याचं खरं होतं. आईच्या हातातलं प्लास्टरही खरं होतं. राग कमी झाला नाही, फक्त कुणावर काढावा ते कळेना.

चाचांनी सांधे बदलले, आसाखाली पाचरी घालून कोन जागेवर आणला. डॅम्पर नसतानाच मी आणि ते उमरगा रस्त्याने दूरवर जाऊन आलो. जीप सरळ चालली, फक्त खड्ड्यात हाताला धक्का लागे. मग त्यांनी मला मोजायला लावलं. चाकं पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग सरळ, आणि प्रत्येक वेळी डॅम्परच्या दोन बोल्टांमधलं अंतर टेपने. मी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं. कमीत कमी अंतरापेक्षा बंद नळा आखूड हवा, जास्तीत जास्तपेक्षा उघडा नळा लांब, दोन्हीकडे बोटभर जागा राखून. गॅसवाला नको, तो आपोआप उघडायला बघतो आणि गाडीला एका बाजूला ढकलतो. आपल्याला तेलाचा. बोल्टाची जाडी वेगळी लिहायची.

चिठ्ठी घेऊन मी दुकानांना फोन केले. बहुतेकांनी मॉडेल विचारलं, मापं ऐकली आणि ठेवून दिला. सोलापूरच्या एका दुकानातल्या बाईंनी मला फोन धरून ठेवायला सांगितलं आणि एकेक नळा उघडून बंद करून मोजला. चौथा मापात बसला. दोन दिवसांनी तो बसने आला, काळा, साधा, कसलंही चित्र नसलेला. बसवल्यावर मी गॅरेजसमोर चाकं दोन्ही टोकांना फिरवून पाहिली. कुठे अडलं नाही.

बीदरच्या दुकानदाराने लाल डॅम्पर परत घेतला नाही. मला जीपवाला कुणीही भेटला की मी त्याला त्या दुकानाचं सांगते, आणि सांगताना आवाज चढतो.

जीप अजून उंचच आहे. या पावसाळ्यात एका ओढ्यातून ती सहज पार झाली, जुनी नक्कीच अडली असती. हे मी भावाला सांगितलेलं नाही. आईचं प्लास्टर काढायला तोच तिला बसने घेऊन गेला, तिची पिशवी खांद्याला लावून. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळत नाही. तिने थापलेली भाकरी एका बाजूने जाड राहते. भाऊ ती जाड बाजू आधी खातो. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.