हिरवी भिंत

झाम्फिरा बोतेझातूला दिवसातल्या एकाच वेळेची भीती वाटायची. सकाळचे अकरा.

रोमानियातल्या गालात्समध्ये, नदीच्या बाजूला, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या इमारतीत ती नोकरी करायची ती कंपनी होती. कंपनीचं काम एका वाक्यात सांगता येतं. तीन जिल्ह्यांतल्या औषधांच्या दुकानांत कुणी विम्याचं कार्ड घेऊन उभं राहिलं, की त्याला फुकट औषध द्यायचं की नाही हे दोन सेकंदांत सांगायचं. प्रश्न दुकानातून गालात्सला येतो, उत्तर परत जातं. उत्तर देणारे सर्व्हर चार, आणि त्या चौघांना जिवंत ठेवणारी एकटी झाम्फिरा.

एकेका सर्व्हरला दोनशे खिडक्या आहेत असं समजा. प्रश्न आला की एका खिडकीवर जातो, उत्तर घेतो, खिडकी मोकळी होते. पण या प्रोग्रामात कुठेतरी खोट होती. प्रश्न विचारणारा निघून जायचा आणि खिडकी तशीच अडकून राहायची. सकाळी नऊला दहा अडकलेल्या, अकराला साठ. दोनशेच्या दोनशे अडकल्या की सर्व्हर उभाच राहतो, पण मुका. म्हणून रोज अकराला झाम्फिरा एकेका सर्व्हरकडे जाणारे प्रश्न थांबवायची, तो रिकामा होऊ द्यायची, बंद करून परत सुरू करायची. मग दुसरा, तिसरा, चौथा. नऊ वर्षं रोज, हाताने.

खोट दुरुस्त करायला सहा आठवडे लागतील, असं तिने तीनदा लिहून दिलं होतं. संचालक तुदोसे तिन्ही वेळा तेच म्हणाले, "तुझे हात आहेत ना? मग दुरुस्ती कशाला?"

हात होते, कागद नव्हता. झाम्फिराकडे डिप्लोमा नव्हता. ती आली होती पावत्या टाइप करायला. सर्व्हर पडला की डिप्लोमावाले एकमेकांची तोंडं बघायचे आणि ही मागे उभी राहून पडद्यावरच्या ओळी वाचायची. वाचता वाचता शिकली, कुणी शिकवलं नाही. पण पगार वाढवायची वेळ आली की तुदोसेंना तो नसलेला कागद बरोबर आठवायचा. अशी माणसं तुमचं काम विसरतात, तुमची उणीव पाठ करतात.

त्या दिवशी मार्चची पहिली तारीख होती, बायकांना फुलं द्यायचा वसंताचा सण. ऑफिसातल्या प्रत्येक बाईच्या छातीवर लाल-पांढऱ्या दोऱ्यात अडकवलेलं छोटंसं फूल होतं. तुदोसेंनी झाम्फिराचं फूल स्वतः आणून दिलं. ती तेव्हाच सावध झाली.

"झाम्फिरा, बाळ, बुखारेस्टच्या बाई येतायत. करार वाढवायचा की नाही ते त्यांच्या हातात आहे. आज भिंतीवर मला लाल दिसायला नको."

भिंत म्हणजे हॉलमधला मोठा पडदा. चार सर्व्हरचे चार चौकोन. खिडक्या सत्तर टक्के भरेपर्यंत हिरवा, मग पिवळा, नव्वदच्या पुढे लाल.

"साहेब, अकराला दिसणारच. सर्व्हर बंद करायला घेतला की चार मिनिटं तो चौकोन लाल होतो."

"मग आज बंद करू नकोस."

"आज पहिली तारीख आहे. महिन्याची औषधं न्यायला सगळं जग आज येतं."

"दोन तासांचा प्रश्न आहे. साडेदहा ते साडेबारा. आणि हे बघ, लाल नव्वदला लागतो ना? त्याला शंभराच्या पुढे ढकल. पिवळ्यालाही."

"म्हणजे भिंत आंधळी."

"म्हणजे भिंत हिरवी." तुदोसे हसले, मग हसू आवरलं. "दीडशे घरांची भाकरी आहे या करारावर. तुझीही. आणि तुझ्यासारखीला, काहीच हातात नसताना, दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

"लेखी द्याल?"

"आपल्यात कागद?" त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

झाम्फिराची आई पोलाद कारखान्यात क्रेन चालवायची. ती सांगायची, बडे पाहुणे यायचे त्या दिवशी वायुगळतीच्या घंटेला चिंध्या गुंडाळायचे, कानाला त्रास नको म्हणून. लहानपणी झाम्फिरा विचारायची, मग काय झालं? आई म्हणायची, काही नाही झालं, म्हणून तर पुढच्या वेळीही गुंडाळली. आईचा आवाज तेव्हा का बदलायचा ते तिला आज, जागेवर बसल्या बसल्या, कळलं. समोरचा कोव्रीग, तिळाचा गोल पाव, एक घास खाऊन तसाच होता.

कंपनीत काही बिघडलं की स्पष्टीकरण लिहून घ्यायचे. वरून सुरुवात व्हायची आणि खाली येता येता जो सगळ्यात खालचा, त्याच्या सहीवर थांबायची. झाम्फिराने नऊ वर्षांत तीन लिहिली होती, तिन्ही दुसऱ्यांच्या चुकांची. आज पडलं तर चौथं. आणि चौथ्यानंतर नोकरी नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तिने कोरा कागद ओढला आणि चौथं स्पष्टीकरण आधीच लिहून टाकलं, कुणी काय करायला सांगितलं त्यासकट.

आवक-जावक तळमजल्यावर होती. खिडकीमागे आउरिकाबाई, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत.

"विभागाचा शिक्का कुठाय?"

"माझा स्वतःचा कागद आहे, आउरिकाबाई."

आउरिकाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "'आज अकरानंतर जे होईल त्याचं स्पष्टीकरण.' काय गं, पत्रिका बघायला लागलीस की काय? माझ्या जावयाचीही सांग, मेला कधी सुधारणार ते."

"मी हाताने चालवते म्हणून मला माहीत आहे. एवढंच."

बाई पुढे वाचत गेल्या. चेष्टा थांबली. "तुदोसेला माहितीय हे?"

"नाही."

"मग मी वाचलंच नाही. माझं काम वाचायचं नाही, नंबर द्यायचं." शिक्का धाडकन पडला. "चौदाशे सतरा. नऊ वाजून वीस मिनिटं. जा, आणि तोंड धू. मेल्यासारखी दिसतेस."

वर येऊन झाम्फिराने मर्यादा बदलल्या. दोन आकडे, चार ठिकाणी. भिंत आता काहीही झालं तरी हिरवीगारच राहणार होती.

शेजारच्या खुर्चीतला रेलू म्हणाला, "एवढी हिरवळ! मेंढ्या आणू का गावाकडून?"

"गप बस."

"अगं, हस की. सण आहे तुमचा."

साडेदहाला बुखारेस्टच्या बाई आल्या. उंच, राखाडी कोट, कंटाळलेल्या. तुदोसे त्यांना घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, बशीत गोड वड्या फिरल्या, कॉफी फिरली. अकरा वाजले. नऊ वर्षांत पहिल्यांदा अकरा वाजले आणि झाम्फिराचे हात रिकामे होते.

भिंत आंधळी झाली तरी तिला पाहता येत होतं. स्वतःच्या पडद्याच्या कोपऱ्यात तिने काळी चौकट उघडून ठेवली होती, सर्व्हरला सरळ विचारणारी. अकरा पाच: पहिला सत्त्याण्णव, दुसरा एकशे आठ. अकरा वीस: एकशे बत्तीस, एकशे एकेचाळीस. ती दर मिनिटाला विचारायची आणि विचारल्यावर वाटायचं, न विचारलेलं बरं. समोर भिंत शांत, हिरवी, आणि खाली पाणी चढतंय. हे दीडशे माणसांच्या इमारतीत फक्त तिलाच माहीत होतं.

अकरा सदतीसला फोन थरथरला. तेकुचच्या औषध दुकानातली स्मारांदा. तिची मावसबहीण.

"झाम्फी, तुमचं मढं झोपलंय का? पडद्यावर चाक फिरतंय नुसतं. दारापर्यंत रांग लागलीय."

"पुन्हा लाव कार्ड."

"तीनदा लावलं! इथे एक म्हातारा बसलाय, कोस्माखेतीहून आलाय, त्याचं इन्सुलिन संपलंय कालच. मंजुरी नाही तर मी देऊ शकत नाही, माझीच चौकशी लागेल. त्याची बस बारा चाळीसला. पुढची उद्या."

"स्वतःच्या खिशातून—"

"इथे सतरा जण आहेत गं! सतरा जणांचं मी खिशातून भरू?" मागून कुणीतरी ओरडलं. फोन बंद झाला.

दुसरा सर्व्हर एकशे चौऱ्याऐंशी. मुका नव्हता, पण उत्तरं रेंगाळायला लागली होती.

आता घोळ वेगळाच होता, आणि तो फक्त तिलाच कळत होता. अकराला एक सर्व्हर रिकामा करायला काढला असता, तर बाकी तिघांनी त्याचा भार सहज उचलला असता. आता तिघंही गळ्यापर्यंत भरलेले. एक काढला तर बाकीचे त्याच्या ओझ्याने कोसळतील. नाही काढला तरी कोसळतील. काहीही केलं तरी तिच्याच हाताने. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

अकरा एकावन्नला पाहुणे हॉलमध्ये आले.

"वा," बुखारेस्टच्या बाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं. "हे कधी लाल होतं का?"

"आमच्याकडे?" तुदोसे हसले. "झाम्फिरा, सांग ना बाईंना. हीच बघते सगळं."

सगळे तिच्याकडे वळले. झाम्फिराने काळ्या चौकटीकडे पाहिलं. दुसरा: दोनशे. मुका झाला होता. भिंतीवर त्याचा चौकोन हिरवाच होता.

ती उभी राहिली.

"आत्ता लाल आहे," ती म्हणाली.

"काय?" तुदोसे अजून हसत होते.

तिने खाली वाकून जुने आकडे परत घातले. भिंत एकदम पेटली. चारही चौकोन लाल.

रेलूने वडी बशीत परत ठेवली.

"मला वीस मिनिटं लागतील," झाम्फिरा म्हणाली, "आणि मधे कुणी बोलू नका." नंतर पुष्कळ दिवस तिला पटायचं नाही, की हे वाक्य आपण म्हणालो.

रिकामं करायला वेळ नव्हता. दुसरा मेलेलाच होता, त्याला तिने सरळ तोडलं. त्याच्यात अडकलेले दोनशे प्रश्न हरवले, दुकानांना पुन्हा विचारावे लागणार होते. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत तिसरा एकशे शहाण्णववर गेला, आणि तिने श्वास धरला तो दुसरा उठेपर्यंत सोडला नाही. उठला. हिरवा. मग तिसरा. मग पहिला. तुदोसे तिच्या खुर्चीमागे येऊन कानात म्हणाले, "तू संपलीस." चौथा बंद करताना बोट दोनदा चुकलं.

सव्वाबाराला तिने स्मारांदाला फोन लावला. "आता लाव."

"थांब." कार्ड आत जाण्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग, "आलं. आलं गं बाई! आजोबा, उठा, तुमचं आलं!"

झाम्फिरा स्वच्छतागृहात गेली आणि बेसिन धरून उभी राहिली.

तीन वाजता बोलावणं आलं. बुखारेस्टच्या बाई निघून गेल्या होत्या. करार वाढणार की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. तुदोसे टेबलामागे उभे होते.

"बस. स्पष्टीकरण लिही. स्वतःच्या मनाने मर्यादा बदलल्या, देखभाल टाळली, पाहुण्यांसमोर गोंधळ घातला. सही कर."

"स्पष्टीकरण दिलंय, साहेब."

"कुणाला? कधी?"

"सकाळी नऊ वीसला. चौदाशे सतरा."

तुदोसेंचा चेहरा तिला बघता आला नाही, कारण ते आधीच दाराबाहेर पडले होते. ती मागोमाग जिन्याने उतरली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आउरिकाबाई, सकाळचा एक कागद चुकून नोंदला गेलाय. चौदाशे सतरा. काढा."

"घ्या ना, साहेब." बाईंनी कागद खिडकीतून पुढे केला. "नोंद राहील. विषय, नाव, वेळ, सगळं वहीत आहे."

"ते पान फाडा."

"वही शिवलेली आहे. पानांना आकडे आहेत, दोऱ्याला लाखेचं सील आहे." आउरिकाबाईंनी खण उघडला आणि काउंटरवर कात्री ठेवली. "तुम्हीच कापा, माझ्यासमोर. मी त्याचीही नोंद घेते. चौदाशे एकोणचाळीस."

तुदोसे कात्रीकडे बघत राहिले. मग कागद खिशात घालून, झाम्फिराकडे न बघता, वर गेले.

आउरिकाबाईंनी कात्री उचलली. खणात टाकताना ती दोनदा कडेला आपटली.

"मी जूनमध्ये निवृत्त होतेय," त्या म्हणाल्या. "तुझी अजून वीस वर्षं आहेत. हा माणूस विसरत नाही गं."

"माहीत आहे."

"मग केलंस कशाला?"

झाम्फिराला म्हातारा आठवला, ज्याला तिने पाहिलंही नव्हतं. पण ती ते बोलली नाही. "अकरा वाजून गेले होते," एवढंच म्हणाली.

रात्रभर झोप नाही. सकाळी फाटकावर कार्ड लावताना डोळे मिटून घेतले. फाटक उघडलं. वर रेलूने तिला बघून खुर्ची दुसरीकडे वळवली. तिच्या टेबलावर काढून टाकल्याचा काही कागद नव्हता, आणि तेच जास्त वाईट वाटत होतं.

दहा अठ्ठावन्नला हॉलचं दार उघडलं. तुदोसे, आणि त्यांच्याबरोबर दोन अनोळखी माणसं, हातात फाइल.

"झाम्फिरा. जरा वर ये."

तिने घड्याळाकडे पाहिलं, मग पहिल्या सर्व्हरकडे जाणारे प्रश्न थांबवले.

"सोळा मिनिटं थांबा, साहेब," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. भिंतीवरचा पहिला चौकोन लाल झाला.