अक्काच्या सात बेटांवरची माणसं

माझी थोरली बहीण, आमची अक्का, अकरा वर्षांची असताना तिला ताप आला आणि सगळे सांधे सुजले. तीन आठवड्यांनी ताप उतरला, सांधेही बरे झाले. पण जाताना त्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप खराब केली होती. हे आम्हाला कळलं दोन वर्षांनी, जेव्हा शाळेचा जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसली आणि तिचे ओठ निळे पडले. डॉक्टर आमच्या वडिलांना, अप्पांना म्हणाले, "जिना नाही, धावणं नाही, पाणी भरणं नाही." तिचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. म्हणून मग शाळाही नाही.

मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तेव्हा आम्ही मद्रासला तिरुवल्लीकेणीत राहत होतो. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते. घराणं तंजावरचं. घरात आमची मराठी, तिच्यात निम्मे शब्द तमिळ. पुण्याकडचा कुणी पाहुणा आला की दोन वाक्यांतच त्याला हसू फुटायचं. दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. अप्पांनी आम्हा दोघींना देवनागरी मात्र घरी बसवून शिकवली होती. आईला ती येत नव्हती. ती तमिळच वाचायची.

गोष्टीची सुरुवात फाडून नेलेल्या पानांमुळे झाली. आमच्या गल्लीत एक तमिळ साप्ताहिक घरोघर फिरायचं. त्यात राजाराण्यांची एक कादंबरी क्रमशः येत होती आणि आम्ही पाचसहा मुली शाळा सुटल्यावर आमच्या घरापुढच्या ओट्यावर बसून ती वाचायचो. एका आठवड्यात नेमकी तीच पानं कुणीतरी फाडून घेतलेली. मुली हिरमुसल्या. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "थांबा, पुढचं मी सांगते." तिनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात छापलेलं प्रकरण आलं, ते तिच्याइतकं रंगलं नाही. मग मुलीच म्हणाल्या, "अक्का, तू तुझीच सांग."

अशी ती सात बेटांची गोष्ट सुरू झाली आणि पाच वर्षं चालली. एका राज्याची राजधानी समुद्रानं गिळली आहे, सात बेटं तेवढी उरली आहेत आणि भरतीचं पाणी दर वर्षी एकेक पायरी वर चढतं आहे. ते थोपवायचं तर सात बेटांवरची सात माणसं एकत्र यायला हवीत. प्रत्येकात एक शक्ती लपलेली आहे, पण ती कुठे लपली आहे ते त्यालाच ठाऊक नाही. शक्तीबद्दल अक्कानं एक नियम केला होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. माणसाला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते, तिच्यातच त्याची शक्ती दडलेली असते.

एक तिरळी धनुर्धर होती. तिचा एक डोळा आजचं बघायचा, दुसरा उद्याचं. एक स्वयंपाकीण होती, हात कोपरापर्यंत भाजलेले. ते हात ती पदराखाली लपवून ठेवायची, पण त्या हातांनी तिनं ज्याला वाढलं त्याला तीन दिवस खोटं बोलता येत नसे. आणि एक तोतरी निरोपी होती. तिचा शब्द अडला की जग थांबायचं. लाट उभीच्या उभी राहायची, पक्षी हवेत टांगल्यासारखे. त्या तेवढ्या वेळात एकटी तीच चालू शकायची, बंद दारांतून, शत्रूच्या छावणीतून. शब्द सुटला की जग पुन्हा सुरू.

हे अक्का तमिळमध्ये सांगायची आणि मुली गेल्या की तेच मराठीत मला लिहायला सांगायची. लिहिताना तिला धाप लागायची, म्हणून लेखणी माझ्या हातात. मी विचारलं, "मराठीत कशाला गे?" ती म्हणाली, "या गल्लीत कुणाला वाचता येणार नाही म्हणून."

समोरच्या घरातली एक मुलगी खरंच तोतरी होती. ती ओट्याच्या कडेला बसायची, कधी एक शब्द बोलायची नाही. निरोपी गोष्टीत आल्यावर चारपाच दिवसांनी तिची आई तरातरा आमच्याकडे आली. आम्ही तिला मामी म्हणायचो. पदर खोचलेला, चेहरा लाल.

"माझ्या पोरीची थट्टा करतेस?" ती अक्काला म्हणाली. "देवानं तुला असं घरी बसवलंय, तरी शहाणपण येत नाही?"

आई आतून धावत आली. अक्का दाराची चौकट धरून उभी राहिली. ती काही बोलायच्या आत मामीच्या मागून ती मुलगी पुढे आली.

"थ-थ-थट्टा नाही, अम्मा," ती म्हणाली. आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो. "म-मी अडते ना... तेव्हा स-सगळं थांबतं."

मामी ओट्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला स्वतः आणून सोडायला लागली आणि कधीकधी स्वतःही थोडी रेंगाळायची.

मला मात्र राग यायचा. मी घरातलं पाणी भरायचे, अक्काचे केस विंचरायचे, वह्या मीच लिहायचे आणि सात माणसांत मी नव्हते. एकदा लिहिता लिहिता लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, "माझी शक्ती कोणती?"

अक्का हसली. "तुला लाज कशाची वाटते, ते सांग आधी."

"कशाचीच नाही," मी म्हटलं.

ते खोटं होतं. शाळेत कुणी विचारलं, तुझी मोठी बहीण काय करते, तर मी सांगायचे की ती तंजावरला आत्याकडे असते. अठरा वर्षांची मुलगी शाळेत नाही, लग्नही नाही, चार पावलं चालली की बसते, हे मला सांगवत नसे. मला लाज वाटायची ती तिचीच. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. मग पाणी वाहून नेणारी एक घालू या. तिची शक्ती शेवटी सांगीन."

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी तिची धाप फारच वाढली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती बसूनच झोपायची. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी अप्पांना एका ऑपरेशनबद्दल सांगितलं. हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी करायची. अप्पा तीनदा जाऊन तेच तेच विचारून आले. आईनं नकोच म्हटलं. शेवटी अप्पा अक्कासमोर खाली बसले आणि म्हणाले, "तूच सांग, बाळ. माझ्यानं ठरवणं होत नाही."

"करू या, अप्पा," ती म्हणाली. "असं बसून किती दिवस झोपू?"

इस्पितळात जायच्या आधीच्या आठवड्यात तिनं मला हाक मारली. "चार प्रकरणं राहिलीत. सगळी डोक्यात तयार आहेत. लिहून घेतेस?"

माझी परीक्षा तोंडावर आली होती. भूमितीचं पुस्तक मांडीवर होतं. "परीक्षा होऊ दे गे, अक्का," मी मान वर न करता म्हटलं, "मग एका दमात लिहू."

"बरं," ती म्हणाली.

तिनं स्वतः लिहायचा प्रयत्न केला होता, हे मला नंतर दिसलं. वहीत दीड ओळ होती, अक्षर उतरत गेलेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. मुद्दाम सांगते, कारण डॉक्टरांनी केलं ते नीटच केलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो तर ती उशीशिवाय आडवी झाली होती आणि तिचे ओठ गुलाबी होते. तसे ओठ मी सात वर्षांत पाहिले नव्हते. शेजारच्या खाटेवरची बाई आईला म्हणाली, "तुमची मुलगी आम्हाला काय गोष्ट सांगते हो, औषधाची वेळ कधी झाली ते कळत नाही." अप्पा वॉर्डाबाहेर जाऊन खांबाकडे तोंड करून उभे राहिले, कुणाला डोळे दिसू नयेत म्हणून.

सहाव्या दिवशी सकाळी, दात घासताना, हृदयातली एक गुठळी सुटून तिच्या मेंदूत गेली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदम गेली.

दोन महिन्यांनी तिला घरी आणलं तेव्हा तिच्याकडे एकच शब्द परत आला होता. "नको." पाणी हवं असलं तरी नको, आईला हाक मारायची असली तरी नको. आपण चुकीचं बोललो हे तिला कळायचं, ती डावा हात चादरीवर आपटायची आणि पुन्हा तोंडातून तेच यायचं. हळूहळू आम्ही तिचे सूर ओळखायला शिकलो. लांबवलेलं नको म्हणजे हो. तुटक म्हणजे नाही. अगदी हळू म्हणजे बस माझ्याजवळ.

गल्लीतल्या मुली एकदोनदा आल्या. तो शब्द ऐकून घाबरल्या, मग येईनाशा झाल्या. फक्त समोरची तोतरी मुलगी येत राहिली. ती अक्काच्या खाटेशी बसायची आणि अक्का शब्दासाठी धडपडायची तेव्हा मध्ये काही सुचवायची नाही. नुसती वाट बघायची. आमच्या घरात ते कुणालाच जमत नसे.

परीक्षा संपली, मी पास झाले. मग वह्या काढल्या आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवायला लागले. दुपारी, आई भांडी आवरत असताना. शेवटच्या लिहिलेल्या पानावर आलो आणि मी थांबले. ती माझ्याकडे बघत होती.

"पुढे काय होतं, अक्का? मी विचारते, तू सांग. धनुर्धर परत येते?"

लांब नको. येते.

"तिचे दोन्ही डोळे शाबूत असतात?"

तुटक नको.

असं आम्ही शोधत गेलो. एकेका गोष्टीला आठवडा लागायचा. शंभर प्रश्न विचारावेत तेव्हा एक लांब नको यायचं. धनुर्धर उद्याचा डोळा गमावून परत येते. स्वयंपाकीण राजाला जेवू घालते. दीड वर्षात दोन प्रकरणं हाती आली. उरलेल्या दोनांपाशी माझे प्रश्नच चुकायचे. कधी ती दमून तोंड फिरवायची, कधी रागानं रडायची. मीही एकदा वही भिंतीवर फेकली, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

त्याच सुमारास एका दुपारी मी तिला ते सांगून टाकलं. शाळेतलं, तंजावरच्या आत्याचं. "मला तुझी लाज वाटायची, अक्का." ती ऐकत होती. तिनं डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "नको." तो कोणता सूर होता ते मला ओळखता आलं नाही. त्यानंतर पाणी वाहणारीबद्दल मी काहीच विचारलं नाही. तिनंही कधी त्या पानाकडे बोट केलं नाही.

मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या महिन्यात तिचे पाय सुजायला लागले. डॉक्टर येऊन गेले आणि अप्पांशी दाराबाहेर बोलले. आठवडाभरानं, दुपारी, मी तिला आधीचंच एक प्रकरण वाचून दाखवत होते. तिचा डोळा लागला असं वाटलं, म्हणून आवाज बारीक केला आणि पान संपवलं. आई कॉफी घेऊन आली. तिनं अक्काच्या कपाळावर हात ठेवला आणि पेला तसाच खाली ठेवला. "वाचू नकोस आता," ती मला म्हणाली. अक्का वीस संपवून एकविसाव्यात होती.

नंतर कितीतरी दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एकदा दुपारी आई हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"त्या वह्यांत काय आहे गे?" तिनं विचारलं.

पाच वर्षं ओट्यावर गोष्ट चालली तेव्हा आई आत चुलीशी असायची. मुलींचं हसू तिनं ऐकलं होतं, गोष्ट कधीच ऐकली नव्हती. मी पहिल्या वहीपासून सुरुवात केली. आई ऐकताना तिच्या पद्धतीचे प्रश्न विचारायची. "त्या भाजलेल्या बाईला लेकरंबाळं होती का?" "बेटावर तांदूळ कुठून येत होता?" मी म्हणायचे, "लिहिलं नाही, आई." एकदा ती म्हणाली, "तिला विचारायला हवं होतं मी."

सहावी वही निम्मी वाचून झाली आणि माझं लग्न ठरलं. यजमान मद्रासजवळ आवडी गावातल्या कारखान्यात होते, तिथंच क्वार्टर मिळालं. आवडी काही लांब नाही, लोकल गाडीनं तासाभराचा रस्ता. मी महिन्या दोन महिन्यांनी माहेरी जायचे. पहिल्या खेपेला आईनं वही काढून ठेवली होती, पण घरात पाहुणे होते. दुसऱ्या खेपेला मला उलट्यांचा त्रास होता. मग मूल झालं, मग दुसरं झालं. आई वही काढून ठेवायची आणि मी निघताना मुकाट्यानं परत ट्रंकेत घालायची. तिनं एकदाही मला आठवण करून दिली नाही. ती गेली तेव्हा आम्ही सहाव्या वहीच्या निम्म्यावरच होतो.