म्हैस पाण्यात उतरली तो रविवार

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं तत्त्वज्ञान शिकवते. कुणाच्या सुखदुःखाचा विचार करायचा आणि कुणाच्या नाही, हा भाग आला की माझी उदाहरणं ठरलेली असायची. चिमटा काढलेला बेडूक, खुराड्यात दाटीनं कोंबलेल्या कोंबड्या, शेपटीवर पाय पडलेलं कुत्रं. दगडाला काही जाणवत नाही, यांना जाणवतं, म्हणून यांच्याशी कसं वागावं हा प्रश्न आपल्याला पडतो, असं मी सांगायची. सगळी उदाहरणं दुखण्याचीच आहेत, हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही.

मोरिवलीत माझ्या चुलत सासऱ्यांचा गोठा होता. गुडघ्यांनी साथ सोडली तसा त्यांनी तो बंद केला आणि शेवटची उरलेली म्हैस वांगणीला माझ्या मोठ्या नणंदेला देऊन टाकली. ताईंची तिथे भातशेती आहे, घरामागे तळं आहे. ही म्हैस गोठ्यातच जन्मली आणि तिथेच वाढली. सिमेंटची लादी, दावं आणि पाइपाचं पाणी, एवढंच तिचं जग. टेम्पोमागे काका आणि मी गाडीनं निघालो. त्यांना तिला स्वतः पोचवून यायचं होतं. वाटेत ते दोनदा म्हणाले की ती स्वभावानं थंड आहे, तिला कशाचं काही नसतं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. ताईंनी तिला टेम्पोतून उतरवलं आणि थेट तळ्यावर नेलं. काठाच्या चिखलात पुढचा पाय रुतला तशी ती दचकली आणि मागे सरली. पायाखालची जमीन मऊ असते हे तिला नवीनच होतं. काका म्हणाले, घाबरलीय, परत ने. ताईंनी नुसतं दावं सोडलं आणि बांधावर बसून राहिल्या. आम्हीही बसलो.

अर्धा तास ती चिखल हुंगत होती. मग एक पाय, मग दुसरा. पाणी पोटाला लागलं तशी ती थांबली आणि पुढच्या क्षणी बदकन आत बसली. वर राहिल्या फक्त नाकपुड्या आणि शिंगं. तिनं एवढा लांब श्वास सोडला की बांधावर आम्हाला ऐकू आला. मग ती एका कुशीवर लोळली, दुसऱ्या कुशीवर लोळली, फुर्रकन पाणी उडवलं. काठापर्यंत आली, आम्हाला वाटलं झालं हिचं, तर वळून पुन्हा आत गेली. ताई हसायला लागल्या, मग मी, मग काका. काकांना तर खोकला येईपर्यंत हसू आलं.

माझ्यातली मास्तरीण मात्र गप्प बसेना. मी ताईंना विचारलं, ही खूश आहे हे कशावरून? अंग गार होतंय, एवढंच असेल.

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू कॉलेजात पोरांना हे शिकवतेस?"

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "सात वर्षं मला वाटलं, हिला कशाचं काही नाही."

"तुम्ही सांभाळलंत की तिला नीट," ताई म्हणाल्या. "तिला तळं दिसलं नव्हतं, एवढंच."

दुपार टळली तरी म्हैस बाहेर येईना. शेवटी ताई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि चुचकारत तिला घेऊन आल्या. तेव्हापासून त्यांनी धार काढायची वेळच पुढे ढकलली आहे. आधी तळं, मग दूध.

पुढच्या वर्षी तोच भाग शिकवताना मी बेडूक बाजूला ठेवला. मुलांना विचारलं, एखादं जनावर आनंदात असलेलं कधी पाहिलंय? एका सिंधी मुलीनं हिंदी-मराठीत सांगितलं की तिच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानात मांजर नवा तागा उलगडायची वाट बघत बसतं आणि उलगडला की त्यात लोळतं. मग हात वर यायला लागले. घंटा झाली तरी मुलं उठेनात. जाणीव असणं म्हणजे फक्त दुखणं नव्हे, काहीतरी आवडणंही असतं, आणि ते कुणाला मिळू न देणं हीसुद्धा नीतीचीच गोष्ट आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं.

काका आता दर रविवारी कुणाला ना कुणाला गाडी काढायला लावून वांगणीला जातात. ताई त्यांच्यासाठी बांधावर खुर्ची मांडून ठेवतात. म्हैस पाण्यात, काका काठावर, आणि जेवायला तीन हाका मारल्याशिवाय दोघांपैकी कुणीही हलत नाही.