सोवळ्यातलं शेवाळ

"मॅडम, दूध परत फाटलं!" फोनवर सरोजाक्का जवळजवळ ओरडल्याच. "कॉफीवाल्यानं पातेलं आणून माझ्यासमोर आपटलं."

कुंभकोणमची कॉफी म्हणजे बिनपाण्याचं ताजं दूध. त्यात तडजोड नाही. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरला सरोजाक्कांची छोटी डेअरी होती. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं ती चालवली. मी कुंभकोणमच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट. त्यांच्या पाइपलाइनचे नमुने माझ्याकडे तपासायला आले होते.

दोष दुधात नव्हता, पाइपात होता. पाण्याचा माठ आतून घासला नाही की बुळबुळीत होतो ना, तसाच थर. आम्ही त्याला बायोफिल्म म्हणतो. जंतू स्वतःभोवती चिकट पांघरूण विणतात आणि आत सुखानं नांदतात. पाइप धुवायचा कॉस्टिक सोडा वरून वाहून जातो, त्यांना ढिम्म काही होत नाही. अक्कांनी पाइपाचे सांधे बदलले, तरी थर पुन्हा धरलाच. एक मोठी कंपनी डेअरी विकत घ्यायला टपून बसली होती.

"मला विकायची नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्ही काहीतरी करा."

माझ्याकडे उपाय होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. साक्कोट्टैच्या वाटेवर एक हिरवंगार तळं होतं. त्यातलं सूक्ष्म शेवाळ, सुटं पाहिलं तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, मी बाटलीत वाढवलं होतं. त्याचा अर्क अक्कांच्या पाइपाच्या तुकड्यावर ओतला आणि थर सायीसारखा सुटून आला! मग नेहमीच्या कॉस्टिक सोड्यानंही काम भागलं. अक्कांनी आतून बोट फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मी तिथल्या तिथं शब्द देऊन बसले.

आमचे लॅबचे सर मात्र खुर्चीतून हलले नाहीत. "कल्चर प्युअर आहे?"

"नाही सर. तळ्यातले जंतूही आहेत त्यात."

"आणि ते दुधाच्या पाइपात घालणार? काय बाई तू! आधी प्युरिफाय कर."

सरांचं बरोबरच होतं. प्युरिफाय करायचं म्हणजे शेवाळाची एकेक पेशी वेचून स्वच्छ बाटलीत वाढवायची, त्यातली पुन्हा वेचायची. दरवेळी नवी बाटली ठेवायची, जुनी फेकून द्यायची. आमच्या घरची मराठी कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेली. सोवळ्याला आम्ही तमिळसारखं मडी म्हणतो. माझा खटाटोप ऐकून अम्मा हसली. "शेवाळालाही मडी? आणि एकटं करमेल का त्याला?"

शेवटी निर्मळ, एकटं शेवाळ हाती आलं. सरांनी पाठ थोपटली. मी अर्क काढला, पाइपावर ओतला. थर जागचा हलला नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या जंतूंचा त्रास होता म्हणूनच बहुधा शेवाळ ते औषध तयार करत होतं. शेजारीच हाकलल्यावर ते कशाला कष्ट घेईल?

शेजाऱ्यांसकट शेवाळ पुन्हा आणायला मी तडक तळ्यावर गेले. देवळाचा उत्सव तोंडावर आला होता. गावकऱ्यांनी पाणी उपसून, गाळ खरवडून वर ब्लीचिंग पावडर टाकली होती.

"किती स्वच्छ झालं बघा!" फावडं टेकवून एकजण कौतुकानं म्हणाला.

परतताना रिक्षात मी चक्क रडले. दुसऱ्या तळ्यांतलं शेवाळ आणून पाहिलं, पण तो गुण कशातच नव्हता.

"अक्का, आणखी थोडं थांबा," मी फोनवर म्हणाले.

"मी थांबीन हो मॅडम. दूध थांबत नाही."

त्यांनी डेअरी विकली.

मध्यंतरी त्यांच्याकडे गेले होते. गोठ्यातल्या गाईही गेल्या होत्या. अक्कांनी हौसेनं कॉफी केली. पहिल्याच घोटाला मी थबकले, आणि ते त्यांनी पाहिलं.

"पाकिटाचं दूध आहे," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण आता फाटत नाही."

तो पेला संपवताना माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. अजूनही आठवलं की हळहळ वाटते.

हल्ली नवा नमुना आला की त्यातला निम्मा, गाळाघाणीसकट, मी तसाच डीप फ्रीझरमध्ये ठेवते. सोवळं त्यानंतर.