ऊन दाखवलेला स्वेटर

फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळ पूर्ण्याच्या गोदामात कामावर होतो. बायको म्हणाली, "लवकर या. बाबा उठत नाहीत." समोर ट्रक लागलेला, अर्धा माल अजून आत... तो उतरवून घेतला आणि मगच मी शेलार गावी घरी निघालो. नंतर कळलं, लगेच निघालो असतो तरी उपयोग नव्हता. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

बाबा ट्रक चालवायचे. भिवंडीच्या कापडाच्या गाठी घेऊन पार पंजाब, कुलू-मनालीपर्यंत. महिन्यातून चार दिवस घरी. तरुणपणी एकदा मनालीत बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि गाडी आठ दिवस अडकली. तिथल्या ढाबेवाल्याचा भाऊ पर्यटकांना स्कीइंग शिकवायचा. त्यानं गंमत म्हणून बाबांच्या पायांना त्या लांब पट्ट्या बांधल्या आणि दिलं उतारावर सोडून. तिथूनच त्यांनी एक जाड तपकिरी स्वेटर आणला. म्हणायचे, "गाडीत आपण बसून असतो रं, रस्ता पळतो. तिथं मी सोता पळत होतो."

मी बारा वर्षांचा असताना भाताची झोडणी झाल्यावर खळ्यात पेंढ्याचा ढीग पडला होता. बाबांनी बांबूच्या दोन कामट्या काढल्या, त्यांना साबण चोळला, सुतळीनं माझ्या पायांना बांधल्या. "गुडघं वाकव. खाली नको बघू. पडायचं झालं तं कुशीवर पड." गाव गोळा झालं. शेजारचे तात्या ओरडले, "ड्रायव्हरला बर्फ बाधला हाय!" सगळे हसले, बाबा सगळ्यांत मोठ्यानं. मी सुतळी तोडून घरात पळालो. पुन्हा त्यांनी मला काही शिकवलं नाही, मीही विचारलं नाही.

पाच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोन कुटुंबांबरोबर आमचं मनालीला जायचं ठरलं. जायच्या चार दिवस आधी अंगणातल्या दोरीवर तो स्वेटर दिसला. तिकिटं मी, बायको आणि मुलगी अशी तिघांचीच होती.

"बाबा, तुझ्या गुडघ्यांना झेपायचं न्हाय."

"मी कवा बोललो, मला ने? कसर लागते त्याला. ऊन दावतोय." मग स्वेटरची बाही उलटी करत, "तुझी आई होती तवा तिला दावायचा होता बर्फ. घरच्या माणसांना गाडीत न्हाय बसवायचं, असा मालकाचा कायदा, म्हणून ऱ्हायलं... तू पोरीला ने, हेच बरं."

गुडघे हे निमित्त होतं. साहेबलोकांच्या हॉटेलात बाबा मोठ्या आवाजात ट्रकच्या गोष्टी सांगत बसतील, याची मला लाज वाटत होती. आज पहिल्यांदाच हे लिहितोय.

बर्फावर मुलगी घाबरली, तेव्हा माझ्या तोंडून आपसूक गेलं, "गुडघे वाकव. पडलीस तर कुशीवर पड." शिकवणारा हसून म्हणाला, "किसी ने सिखाया है साहब को?" मी नाही म्हणालो.

घरी आल्यावर बाबांनी दारातच विचारलं, "बर्फ किती होता?"

त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला समजावत मी म्हणालो, "यंदा पडलाच नाही, बाबा." वाटेतच मुलीलाही तसंच सांगायला बजावलं होतं. बाबांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. तिच्या नाकाची साल निघाली होती. बर्फावरच्या उन्हानं निघते तशी... त्यांना ओळखू येणार नाही असं थोडंच होतं? आतून खोबरेल आणून त्यांनी तिच्या नाकाला हलकेच लावलं. म्हणाले, "बर्फ नसला तरी ऊन कडक असतं तिथं."

माझं खोटं त्यांनीच असं सावरून घेतलं. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एका घरात राहिलो, रोज एका ताटाशेजारी दुसरं ताट लावून जेवलो. मला सांगता आलं असतं.

त्यांना जाऊन दीड महिना झाला. परवा बायकोनं त्यांचं कपाट आवरायला घेतलं. बाकीचे कपडे देऊन टाकले, स्वेटर मात्र मी मागून घेतला आणि अंगणातल्या दोरीवर टाकला. बाह्या उलट्या करून, बाबा टाकायचे तसाच. दुपारी हात लावून पाहिला, तर लोकर चांगलीच तापली होती.

"बर्फ होता, बाबा," मी म्हणालो. "गुडघाभर होता."