चिमटेबाईंचा लाल दोरा

आमच्या भात संशोधन केंद्रात चिमटेबाईंना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. चिमट्याने भाताच्या फुलांतले परागकोश काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग शिंपडायचे, वर कागदी पिशवी चढवायची. अठरा वर्षं हेच. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला. बदलीच्या चार अर्जांवर साहेबांचं एकच उत्तर, "प्रयोग संपू दे."

मग साहेबांनी एकाच संकरावर तीन पद्धतींची शर्यत लावली. बाईंची जुनी: दर पिढीत, म्हणजे दर हंगामात, ओळीओळीने फिरून चांगलं रोप निवडायचं, लाल दोरा बांधायचा, वंशावळ लिहायची, आणि असं सातव्या पिढीपर्यंत. दुसरी काचघरातली: निवडीच्या भानगडीत न पडता प्रत्येक रोपाचा एकच दाणा पुढे पेरत जायचं. तिसरी माझी: प्रयोगशाळेत परागकोशांतून थेट शुद्ध रोपं वाढवायची. जिंकेल ती राहील, बाकीच्या बंद.

"अरे, तूच जिंक बाबा," बाई मला म्हणाल्या. "माझं बंद झालं की मी सुटले." मीही लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

सहाव्या पिढीत मी बांधावरून पाहिलं. बाईंनी दोरा बांधला तो लोळणाऱ्या, पोचट लोंब्यांच्या रोपाला. शेजारचं ताठ, भरलेलं रोप तसंच सोडलं. पुढच्या ओळीतही तेच. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे दोरे चांगल्या रोपांवर होते.

"बाई, हे काय?"

"नाही जमलं रे. उद्या कुणीतरी ते शेतात पेरलं असतं आणि आडवं पडलेलं बघत बसलं असतं."

शेवटच्या चाचणीत माझ्या ओळी सगळ्यांत आधी तयार होत्या, पण उत्पादनात बाईंच्या ओळींच्या जवळपासही नव्हत्या. साहेब खुशीत म्हणाले, "अशी नजर आम्ही हातची जाऊ देणार नाही." पाचवा अर्ज 'अत्यावश्यक कर्मचारी' असा शेरा घेऊन परत आला. साहेबांच्या त्या वाक्यावर टाळ्या मीही वाजवल्या होत्या, त्याची अजून लाज वाटते.

बाईंनी माझ्या टेबलावरूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, जिंकले मी," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. तिकडून त्याने विचारलं असावं, मग कधी येतेस.

नवा संकर त्यांनी त्याच सकाळी केला होता. डोळे पुसून त्या बोटांवर मोजायला लागल्या.

"सातवी पिढी झाली की," त्या म्हणाल्या.