रिफिल संपल्यावर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

ओळखणारे मला चांगली बाई समजतात. नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी मी अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवते, परीक्षेत त्यांची लेखनिक होते — ती सांगतात, मी लिहिते. यात मला सुख मिळतं. खोटं कशाला बोलू? संसारात मिळालं नाही इतकं मिळतं. लोक विचारतात, ही आवड कधीपासून? मी सांगते, बारावीपासून. पुढचं गिळते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कॉलेजात सरांनी विचारलं, एका अंध विद्यार्थ्याला बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला लेखनिक हवाय, कोण जाईल? मी हात वर केला. तो विद्यार्थी म्हणजे दत्तूदादा. इगतपुरीचा, वडील रेल्वेत गँगमन होते, नुकतेच निवृत्त झालेले. बी.ए. झाला की एका शाळेत त्याला नोकरी मिळणार होती. सगळं घर त्या आशेवर होतं.

पहिले पेपर छान गेले. आमची पोरगी बघा कशी सेवा करते, हे आईचं शेजारणींना सांगून झालं होतं. मलाही ते आवडत होतं — जरा जास्तच आवडत होतं. तिथंच काही नासलं का?

शेवटचा पेपर इतिहासाचा, त्याच्या आवडीचा. वेगळ्या खोलीत आम्ही दोघं, आणि दारापाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले सुपरवायझर. पहिलं उत्तर त्यानं वाचून दाखवायला लावलं. माझ्याकडून एक वाक्य गळालं होतं.

"ताई, मन लावून लिवा ना. माझं सारं वरीस हाय ह्याच्यात."

सुपरवायझर हसले. एवढंच. याहून जास्त काही घडलं नाही. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. फुकट येते, स्वतःचा अभ्यास सोडून येते, आणि वर बोलणी खायची?

थोड्या वेळानं माझं रिफिल संपलं. कंपासपेटीत दुसरं पेन होतं — हो, होतं. मी ते काढलं नाही. संपलेलं रिफिल कागदावर तसंच फिरवत राहिले. तो सांगत होता आणि मी नुसती खरखर वाजवत होते. एक उत्तर, मग पुढचं, मग उरलेली सगळी. हाताची घडी घालून, चेहरा वर करून तो इतकं सुंदर सांगत होता! मध्येच थांबला. "वाचा बरं." आणि मी कोऱ्या पानाकडे बघत त्याचंच उत्तर त्याला वाचून दाखवलं, एकही शब्द न चुकता. तो खूश झाला. पेपर मीच नेऊन दिला. सुपरवायझरांनी न उघडता गठ्ठ्यात ठेवला.

तो नापास झाला. शाळेनं दुसरा माणूस घेतला, त्याला पुन्हा परीक्षेला बसवायचा घरच्यांना धीर उरला नाही. त्यानं स्टेशनजवळ एसटीडी बूथ चालवायला घेतला. मला निरोप आला — ताईंनी लय कष्ट घेतले, माझंच कायतरी चुकलं असंल.

लोक जिला सेवा म्हणतात, ती मी त्यानंतर सुरू केली. भीतीनं केली. सुख मागाहून आलं, आणि ते खरं आहे — याचीच मला लाज वाटते. ज्याचं बुडवलं त्याच्या वाट्याला यातलं काय आलं?

पुढे मोबाइल आले, बूथ बंद पडला. मग एका रविवारी तो हॉलवर आला, शाळकरी लेकीचा हात धरून. हिला लेखनिक व्हायचंय, म्हणाला. "तुमच्याजवळच शिकू द्या, ताई. तुमच्या पेनाचा आवाज अजून कानात हाय. एकदाबी थांबला नाय."

त्याला कळलं होतं का? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं फक्त आनंद होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी त्याच्या लेकीला म्हणाले, जवळ दोन पेनं ठेवत जा.

पोरगी छान लिहिते. ती लिहायला बसली की मी सारखी तिच्या कागदात डोकावते, अक्षर उमटतंय ना म्हणून. दत्तूदादा भिंतीशी बसलेला असतो. नव्यानं आलेल्या मुलांना तो माझ्याबद्दल सांगतो — ह्या ताईंनी माझे पेपर लिवले. मी तिथंच असते. मी ते ऐकून घेते.